आयटी पार्कची वाट न पाहता शाहूपुरीत कामघर उघडा

कोल्हापूर महापालिका, इथले लोकप्रतिनिधी आणि शाहूपुरीचे रहिवासी या सगळ्यांपुढे एक मागणी ठेवते आहे. रेल्वे स्टेशन आणि मध्यवर्ती बसस्थानकापासून चालत पोचता येईल अशा जागी, शाहूपुरीत, घरून काम करणाऱ्या संगणक-कामगारांसाठी सार्वजनिक कामघर उघडावं. टेबल-खुर्ची, न जाणारी वीज, न तुटणारं इंटरनेट, फोनवर बोलायला दोन-चार बंद खोल्या, चहा आणि सोबत. मागणी एवढीच आहे. मी स्वतः प्रोग्रॅमर आहे, याच पेठेत राहते आणि इथूनच काम करते. आपल्याकडे या विषयावरची प्रत्येक चर्चा ‘आयटी पार्क कधी होणार’ या एका प्रश्नावर अडून बसते, म्हणून बाकीचं मुद्द्यांनी मांडते.

१. शाहूपुरी आपोआप वसलेली नाही.

मिरजेहून रेल्वे कोल्हापुरात आली १८९१ मध्ये. त्यानंतर चार वर्षांनी, १८९५ मध्ये, राजर्षी शाहू महाराजांनी स्टेशनाच्या अंगाला गुळाची व्यापारी पेठ वसवली. तीच ही शाहूपुरी. गूळ काही संस्थानाने तयार केला नव्हता. तो करवीर, पन्हाळा, कागलकडच्या गुऱ्हाळांत आधीपासून होत होता आणि घेणारे व्यापारीही होते. दोघांना एकत्र यायला, माल ठेवायला आणि तो गाडीत चढवायला सोयीची जागा तेवढी नव्हती. ती सत्तेने दिली, बाकीचं पेठेने केलं.

पुढे गुळाचे सौदे मार्केट यार्डात गेले. अडत दुकानांच्या जागी यंत्रसामग्रीची दुकानं, लॉज, दवाखाने आले, जुन्या वाड्यांच्या जागी अपार्टमेंट उभी राहिली. पण पेठेच्या जन्मामागचा हिशेब आजही तितकाच खरा आहे. माल इथे आहे, गिऱ्हाईक दूर आहे आणि मधली सोय एकेकट्याला परवडणारी नाही.

२. कामगार आधीच आलेले आहेत.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि पुण्या-बेंगळुरूची पोरं-पोरी पाठीवरच्या सॅकमध्ये लॅपटॉप घालून घरी आली. कंपन्यांनी परत बोलावल्यावर बरीच गेली. काही गेली नाहीत. काही आठवड्यातले दोन-तीन दिवस जातात आणि उरलेले इथून काम करतात. सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्याला वंदे भारत सुरू झाली, पण ती आठवड्यातून तीनच दिवस. त्यामुळे शुक्रवारी रात्री वाकडहून कोल्हापूरला आणि रविवारी रात्री उलट, हा ट्रॅव्हल्सचा फेरा सुटलेला नाही.

याखेरीज कधी कोल्हापूर सोडून न गेलेलेही आहेत. परदेशातल्या लहान गिऱ्हाइकांची वेबसाइट सांभाळणारे, अ‍ॅप बांधून देणारे, इथल्या लहान सॉफ्टवेअर कंपन्यांत नोकरी करणारे. आणि बाळंतपणानंतर पुण्यातली नोकरी सोडून सासरी किंवा माहेरी आलेल्या, आता पुन्हा काम धरू पाहणाऱ्या बायका. या शेवटच्या गटाबद्दल कुणीच बोलत नाही. आयटी पार्कच्या निवेदनांत ‘तरुणांना रोजगार’ असं वाक्य असतं आणि त्यात त्या बसत नाहीत.

या सगळ्यांचं काम कसं चालतं, ते न पाहिलेल्यांसाठी सांगते. दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत सासऱ्यांच्या बातम्या, आतल्या खोलीत पलंग आणि पलंगावर लॅपटॉप. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे ९ वाजतात तेव्हा शाहूपुरीत उन्हाळ्यात संध्याकाळचे ६.३० आणि हिवाळ्यात ७.३० झालेले असतात. म्हणजे क्लायंटचा कॉल सुरू होतो तो नेमका पोरं शाळा-क्लासहून घरी आल्यावर, कुकर लावायच्या वेळेला. सॅन फ्रान्सिस्कोची टीम असेल तर त्यांचा दिवस आपल्या रात्री साडेनऊ-साडेदहाला उजाडतो. म्यूटच्या बटणावर बोट ठेवून ‘जेवून घे की गं’ला मानेनेच हो म्हणायचं आणि तिकडे स्वच्छ इंग्रजीत डिप्लॉयमेंटची वेळ सांगायची. वीज गेली की मोबाइलचा हॉटस्पॉट, तोही दमला की जिन्यात उभं राहून रेंज शोधायची. दुसऱ्या दिवशी मॅनेजर विचारतो, काल मधेच कुठे गेलात?

घराबाहेरून पाहणाऱ्याला हे काम दिसतच नाही. शेजाऱ्यांना वाटतं पोरगं घरीच असतं. पोरगं घरी नसतं. ते कामावर असतं, फक्त कामावर जायला त्याच्याकडे जागा नाही.

३. आयटी पार्क हवा. पण तो आला तरी हा प्रश्न सुटणार नाही.

मी आयटी पार्कच्या विरोधात नाही. टेंबलाईवाडीचं नाव आपण वर्षानुवर्षं ऐकलं, आता शेंडा पार्कच्या जागेचं ऐकतो आहोत. जागा मिळावी, कंपन्या याव्यात. मात्र पार्कचं सगळं गणित कंपनी धरून केलेलं असतं: तिला एकर किती, चटईक्षेत्र किती, मुद्रांक शुल्कात सवलत किती. माणूस त्या गणितात शेवटी येतो.

हिंजवडी आपल्यासमोर आहे. राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभं राहिलं, लाखो लोक तिथे कामाला लागले आणि रस्ते, पाणी, कचरा यांची जबाबदारी मात्र ग्रामपंचायत, एमआयडीसी, पीएमआरडीए अशी वाटली गेली. माणसाचा दिवसातला मोठा वेळ वाकडच्या पुलावर जातो, याला धनी कुणी नाही. इमारत आधी आणि नागरी सोय मागाहून, या क्रमाची किंमत आपल्याच मुलांनी तिथे मोजली आहे. घरभाड्यात मोजली, पाठीच्या मणक्यात मोजली, इकडे एकटे राहिलेल्या आई-बापांच्या आजारपणात मोजली.

कोल्हापूरला क्रम बदलता येईल. कामगार आधी आलेच आहेत. त्यांची सोय करा. मग बाहेरची कंपनी शहर पाहायला येईल तेव्हा रिकामा भूखंड दाखवण्याऐवजी काम करणारी माणसं दाखवता येतील.

४. कामघर कसं असावं.

जागा नवी बांधायची गरज नाही. महापालिकेच्या मालकीचे, वर्षातले बरेच दिवस कुलपात असणारे हॉल आणि गाळे किती आहेत, याची यादी आधी जाहीर करावी. शाहूपुरीतल्या जुन्या वखारींपैकी एखादी दीर्घ मुदतीच्या भाड्याने घेता आली तर उत्तमच. उंच छपराची, जाड भिंतींची खोली उन्हाळ्यात थंड राहते.

पूररेषा पाहूनच जागा निवडावी, ही अट मात्र सोडू नये. जयंती नाल्याचं पाणी उलटलं की कुंभार गल्लीत काय होतं, हे आपण २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये पाहिलं आहे. तेव्हा वरचा मजला, आणि बॅटऱ्या-जनरेटरही वरच.

इंटरनेटच्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइन घ्याव्यात, कारण रस्ता खोदताना एक केबल तुटली तरी दुसरी चालते. वीज गेल्यावर निदान चार तास पुरेल एवढा साठा हवा, छतावर सौर पॅनेल. बायकांसाठी वेगळी, स्वच्छ स्वच्छतागृहं आणि तान्ह्या मुलाला घेऊन येणारीसाठी एक खोली. ही खोली पहिल्या दिवसापासून असावी. ‘पुढच्या टप्प्यात’ ढकललेली खोली कधी होत नाही. वेळ सकाळी ७ ते रात्री १. रात्री पायऱ्यांवर आणि रस्त्यावर दिवे.

फी असावी. फुकट नको. नोकरदाराला महिन्याला जमेल अशी, शिकणाऱ्याला अर्धी, आणि नोकरीत खंड पडलेल्या बाईला पहिले सहा महिने माफ.

कारभाराबद्दल आपल्याकडे जुना नमुना आहे. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, आणि पुढे एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहत गेली. खेड्यातल्या मुलाला हुशारी कमी नव्हती, शहरात राहायला जागा नव्हती. महाराजांनी जागा आणि मदत दिली, रोजचा कारभार समाजातल्या लोकांनी पाहिला. कामघरही तसंच चालावं. जागा, वीज जोडणी आणि पहिल्या वर्षाचा खर्च महापालिकेचा, कारभार वापरणाऱ्यांच्या समितीचा. समितीत निम्म्या बायका आणि दर महिन्याचा जमाखर्च भिंतीवर लावलेला. फक्त एक गोष्ट बोर्डिंगांपेक्षा वेगळी: इथे जातवार दारं नसावीत.

ज्यांना हे फार नवं वाटेल त्यांना आठवण करून देते. सार्वजनिक ग्रंथालयांसाठी कायदा करणाऱ्या देशातल्या पहिल्या राज्यांत कोल्हापूर संस्थान होतं, वर्ष १९४५. मद्रास प्रांताचा गाजलेला कायदा त्यानंतर तीन वर्षांनी आला. करवीर नगर वाचन मंदिर तर १८५० पासून आहे. वाचायला माणसाला घराबाहेर शांत जागा लागते आणि ती पुरवणं हे शहराचं काम आहे, हे या गावाला इतरांच्या आधी कळलं होतं. आज तीच गरज कामासाठी आहे. केरळ सरकारने ‘घराजवळ काम’ केंद्रांची कल्पना अर्थसंकल्पात आणली. आयर्लंडने २०२१ पासून गावोगावच्या अशा केंद्रांचं राष्ट्रीय जाळं विणायला घेतलं. आपण फार मागे पडलेलो नाही, अजून.

५. एकत्र बसणं हीच खरी गरज आहे.

वीज आणि इंटरनेट सांगायला सोपं म्हणून आधी सांगितलं. माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट सोबतीची आहे.

नवा प्रोग्रॅमर एखाद्या बगपाशी अडतो. ऑफिसात असता तर शेजारच्या टेबलाकडे मान वळवून विचारलं असतं, आणि शेजारच्याने स्क्रीनकडे बघून दोन मिनिटांत सांगितलं असतं की अरे, हे कोड जुनं आहे, या फाइलला हात लावू नकोस, मागे याच्यामुळे सगळं प्रॉडक्शन पडलं होतं. घरून काम करणारा मेसेज टाकतो. सीनिअर दुसऱ्या देशात झोपलेला असतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून तो यंत्राला विचारतो. यंत्र उत्तर देतं, बऱ्याचदा चांगलं देतं. मी रोज वापरते, त्याचा उपयोग नाकारत नाही. पण या गिऱ्हाइकाकडे ही फाइल अशीच का ठेवली आहे, कोणाच्या सांगण्यावरून हा विचित्र नियम घातला, तो काढला तर कुणाचा पगार चुकेल, हे त्याला माहीत नसतं. ते माणसांच्या आठवणीत असतं आणि माणसांशी बोलूनच मिळतं.

आणखी एक. लहानसहान दुरुस्त्या, चाचण्या लिहिणं, जुन्या कोडची साफसफाई, अशी जी कामं करत करत आम्ही शिकलो, नेमकी तीच आता यंत्राकडे जाऊ लागली आहेत. टीसीएससारख्या कंपनीने जुलै २०२५ मध्ये सुमारे १२ हजार लोक, म्हणजे मनुष्यबळाच्या जवळजवळ २ टक्के, कमी करणार असल्याचं सांगितलं. केआयटी, डी. वाय. पाटील आणि आसपासच्या महाविद्यालयांतून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या मुलांना पहिली पायरी कुठे मिळणार? ती पायरी कोणत्याही अभ्यासक्रमात नाही. उद्यमनगरात लेथवर जॉब लावायला शिकलेला कामगार पुस्तकातून शिकला नाही. तो मिस्त्रीच्या शेजारी उभा राहिला. एकाच्या शेडमधलं मशीन दुसऱ्याच्या कामाला आलं, याच्याकडचं ड्रॉइंग त्याच्याकडे गेलं, आणि त्यातून देशभर कास्टिंग पाठवणारा उद्योग झाला. सॉफ्टवेअरचं काम स्वभावाने याहून वेगळं नाही. फक्त आपण त्याला शेड दिलेली नाही.

चर्चा फक्त कोडची होणार नाही, होऊही नये. नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड कसा निभावायचा. बाँडवर सही करावी का. बेंचवर बसवलंय, राजीनामा मागतील काय. डोळे जळतात, कोणाला दाखवू. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने एच-१बीच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलर शुल्क लावलं, आता बहिणीच्या नवऱ्याचं कसं होणार, तिकडे घर घेतलंय. आईला डायलिसिसला न्यायचं असतं आणि त्याच वेळी टीमचा रोजचा स्टँडअप कॉल असतो, मॅनेजरला काय सांगू. हे प्रश्न रात्री एकट्याने स्क्रीनपुढे बसून सुटत नाहीत. समोर बसलेला माणूस म्हणतो, माझंही असंच झालं होतं, मी असं केलं. तेवढ्याने निम्मं ओझं उतरतं. तालमीने या गावाच्या पोरांना हेच तर दिलं. कुस्ती न खेळणारेही तिथे का बसतात, हे कोल्हापूरकराला समजावून सांगावं लागत नाही.

६. कामाच्या तासांना मर्यादा आहे, हे आम्हालाच माहीत नाही.

प्रोग्रॅमर स्वतःला कामगार म्हणवून घेत नाही. पॅकेज ऐकून घरचेही म्हणत नाहीत. या गैरसमजाची किंमत मोठी आहे.

महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ चा. दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ तास, त्यावरच्या कामाला दुप्पट दराने मोबदला. बाईला रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवायचं तर तिची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर. हे सगळं त्या कायद्यात होतं. कोडिंग करणाऱ्या किती जणांनी ते वाचलं होतं?

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यात बदल मंजूर केले. दिवसाचे तास ९ चे १०, तीन महिन्यांतल्या जादा कामाची मर्यादा १२५ ची १४४ तास, आणि कायदा लागू होण्यासाठी १० ऐवजी २० कर्मचारी. यातली शेवटची गोष्ट कोल्हापूरने नीट वाचावी. आपल्या बऱ्याच सॉफ्टवेअर कंपन्या लहान आहेत. दहा ते एकोणीस माणसांची कंपनी, जी पुण्यात अपवाद असेल, ती इथे नेहमीची आहे. तिथल्या मुलांवरचं हे छत्र निघून जातं आणि त्याबद्दल शाहूपुरीत साधी एक सभाही झाल्याचं माझ्या कानावर आलं नाही. टोलविरोधी आंदोलनात पाऊल मागे न घेणारं हे गाव!

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांत प्रत्येकाला नेमणूकपत्र आणि आयटी क्षेत्रात ७ तारखेपर्यंत पगार या गोष्टी चांगल्या आहेत. त्या मिळतात की नाही हे पाहणार कोण? घरी एकटा बसलेला माणूस तक्रार करत नाही. २०२४ मध्ये पुण्यात एका बड्या लेखापरीक्षण कंपनीत नुकतीच रुजू झालेली २६ वर्षांची मुलगी गेली. कामाच्या ताणाने ती गेली, असं तिच्या आईने पत्र लिहिलं तेव्हा कामगार विभाग तपासणीला गेला आणि त्या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली वर्षानुवर्षं नोंदणीच नसल्याचं पुढे आलं. म्हणजे एका आईने पत्र लिहीपर्यंत यंत्रणेला ते ठाऊक नव्हतं.

आठवड्याला ७० तास, ९० तास काम करा असं सांगणारे उद्योगपती आहेत, त्यांना मोठमोठी व्यासपीठं मिळतात. दुसऱ्या बाजूने बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर फोन-ईमेलला उत्तर न देण्याचा हक्क मागणारं खासगी विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं, २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. फ्रान्समध्ये हा हक्क २०१७ पासून कायद्यात आहे. आमचं गिऱ्हाईक अमेरिकेत आहे, त्यामुळे हे इथे कसं बसेल हा प्रश्न खरा आहे. संध्याकाळचा कॉल टळणार नसेल तर सकाळ मोकळी मिळाली पाहिजे, एवढं तरी ठरवता येईल. आज अनेक घरांत सकाळही कंपनीची असते आणि रात्रही.

कामघराच्या भिंतीवर दुकाने व आस्थापना कायदा मराठीत, मोठ्या अक्षरात लावावा. महिन्यातून एक संध्याकाळ कामगार कायद्याचा वकील तिथे बसावा. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू आहे. त्यामुळे सहा जिल्ह्यांतले वकील इथे येतात आणि त्यातले कित्येक शाहूपुरीतच उतरतात. माणूस मिळणं अवघड नाही.

७. वारणेने जे शिकवलं ते आपण विसरलो.

१९९८ मध्ये, कोल्हापुरातच मोजक्या घरांत संगणक होते तेव्हा, वारणा खोऱ्यातल्या ७० गावांत ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प आला. केंद्राचा निम्मा पैसा, राज्याचा मोठा वाटा, वारणा समूहाचा १० टक्के, आणि तांत्रिक बाजू राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची. गावागावांत संगणकाचं केंद्र. शेतीचा सल्ला, बाजारभाव, सरकारी योजना असं बरंच काही त्यावर मिळावं, अशी कल्पना होती.

शेतकऱ्याने त्यातून काय उचललं? उसाच्या वजनाची पावती. माझा ऊस किती भरला, तोडणीचा नंबर कधी, खतं किती उचलली, बिलात किती जमा. या माहितीसाठी पूर्वी कारखान्यावर खेप घालावी लागे, आता ती गावात मिळू लागली. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बेंगळुरूच्या संशोधन शाखेतली मंडळी इथे आली. लोकांची गरज नेमकी एवढीच आहे आणि त्यासाठी महागडा, सतत बिघडणारा संगणक लागत नाही, हे त्यांना दिसलं. त्यांनी सात गावांत साध्या मोबाइलच्या एसएमएसवर तेच काम चालवून दाखवलं. जगभरच्या अभ्यासकांनी ते उदाहरण वाचलं.

मला यातून एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. वजनाची पावती ही गरज दिल्लीत कागदावर सापडली नसती. ती केंद्रावर बसून, येणाऱ्या माणसाकडे बघून सापडली. आज शाहूपुरीच्या एका अपार्टमेंटमध्ये तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा अमेरिकेतल्या विमा कंपनीचा दावा मंजूर करणारं सॉफ्टवेअर लिहितो आणि खाली तळमजल्यावरचा दुकानदार जीएसटीच्या घोळात महिन्याचे चार दिवस घालवतो. दोघं जिन्यात भेटतात, हसतात. एकमेकांचं काम त्यांना माहीत नाही. ते एकमेकांना कळावं अशी जागाच गावात नाही.

८. गावाची माहिती गावाला द्या.

अशीच एक गरज पुराच्या माहितीची आहे. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात: ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. २०१९ आणि २०२१ मध्ये ती ५५ च्याही वर गेली. किती फुटांना कोणत्या गल्लीत पाणी शिरतं, हे महापालिकेच्या जुन्या कर्मचाऱ्यांना आणि कुंभार गल्लीतल्या मूर्तिकारांना तोंडपाठ आहे. ते कुणालाही वापरता येईल अशा स्वरूपात, गल्लीवार, खुलं करा. कामघरात बसणारी मुलं महिनाभरात त्याचा नकाशा करून देतील, मराठीतून, साध्या फोनवर चालेल असा. भाद्रपदासाठी आषाढातच मूर्ती करून ठेवणाऱ्या कुंभाराला त्या कधी हलवायच्या, हे दोन दिवस आधी कळालं तर त्याचं वर्ष वाचतं.

९. ‘पगारदारांसाठी पालिकेचा पैसा कशाला?’

हा आक्षेप मी स्वतःच्या घरातही ऐकला आहे आणि तो रास्त आहे. ज्याला लाखात पगार आहे त्याने स्वतःची खोली करावी. त्याने केलीही आहे. कामघराची गरज आहे ती पंधरा-वीस हजारांवर सुरुवात करणाऱ्याला, घरात टेबल टाकायला जागा नसलेल्याला, मूल दोन वर्षांचं झाल्यावर पुन्हा कामाला लागणारीला. खासगी को-वर्किंग जागा शहरात आहेत, पण त्यांची महिन्याची फी याच माणसांना जड जाते. शिवाय टॅलीचं काम करणारे, भाषांतर करणारे, स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थीही टेबल मागतील. त्यांना ते द्यावं.

दुसरा आक्षेप असा की महापालिकेकडे रस्त्यांनाच पैसा नाही. मान्य. म्हणूनच नवी इमारत मागत नाही. बंद हॉल, वीज जोडणी आणि वर्षभराचा खर्च, एवढंच. त्यापुढे फीवर चाललं तर चालेल, नाही चाललं तर बंद करा. महापालिकेवर पाच वर्षं प्रशासक होते, त्या काळात आपण नगरसेवकाकडे जाऊन लहानसं काम मागण्याची सवयच गमावली. ती परत लावून घ्यावी लागेल.

१०. पहिलं पाऊल.

महापालिकेने महिनाभरात शाहूपुरी आणि लगतच्या पेठांमधल्या आपल्या रिकाम्या जागांची यादी प्रसिद्ध करावी. त्यातली एक जागा एका वर्षासाठी द्यावी. वर्षाच्या शेवटी किती जण आले, त्यात बायका किती, कितींना काम मिळालं, खर्च किती झाला, हे आकडे सभागृहापुढे ठेवावेत.

आपण, म्हणजे इथून काम करणाऱ्यांनी, त्याआधी एकमेकांना भेटायला हवं. शाहूपुरीतल्या एखाद्या मंडळाचा हॉल रविवारी सकाळी सहज मिळतो, तिथे बसू. येताना प्रत्येकाने एका कागदावर चार गोष्टी लिहून आणाव्यात: कोणत्या वेळेत काम असतं, घरी काय अडतं, महिन्याला किती फी देता येईल, आणि दुसऱ्याला काय शिकवता येईल. नाव आणि कंपनी लिहिण्याची गरज नाही. ते कागद एकत्र बांधून निवेदनाला जोडू आणि आयुक्तांच्या हातात देऊ.